मृत्यूचा हिशेब मागणारी परिचारिका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारले, की एक ठरलेले चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. रात्रीची वेळ, इस्पितळाचे लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना निजलेले जखमी सैनिक आणि हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी एक कृश स्त्री. १२ मे हा तिचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. भारतात परिचारिकांना दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कारही १९७३ पासून तिच्याच नावाने दिला जातो. करुणेची मूर्ती म्हणून तिचे स्थान अढळ आहे आणि ते रास्तही आहे.

मात्र नव्वद वर्षांच्या आयुष्यात तिने रणभूमीवरील इस्पितळात घालवलेला काळ जेमतेम पावणेदोन वर्षांचा. त्यानंतरची पाच दशके ती बहुतांशी आपल्या खोलीत, अनेकदा अंथरुणाला खिळून होती. त्या खोलीत दिवा होता, पण त्याच्या उजेडात होते ते कागदांचे ढीग, तक्ते आणि रकाने. युद्धात किती माणसे मेली, कशाने मेली, त्यांतली किती वाचवता आली असती, शांततेच्या काळात बराकीतला सैनिक शेजारच्या नागरिकापेक्षा लवकर का मरतो, प्रसूतीसाठी इस्पितळात आलेली बाई घरी बाळंत होणाऱ्या बाईपेक्षा अधिक धोक्यात का असते, या प्रश्नांची उत्तरे ती आकड्यांत शोधत होती. विशेष म्हणजे या हिशेबाची सुरुवात तिने स्वतःच्याच इस्पितळापासून केली.

आकड्यांची ओढ

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि त्या शहराचेच नाव तिला मिळाले. थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मली, म्हणून तिला नेपल्सचे प्राचीन ग्रीक नाव, पार्थेनोपी, देण्यात आले होते. वडील विल्यम नाइटिंगेल सधन जमीनदार. डर्बीशायरमध्ये एक घर, हॅम्पशायरमध्ये दुसरे. मुलगा नसलेल्या या सुशिक्षित गृहस्थाने दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान स्वतः शिकवले. थोरलीचे मन त्यात फारसे रमले नाही. धाकटी मात्र त्यावर तृप्त न होता गणित शिकण्याचा हट्ट धरून बसली. भल्या घरच्या मुलीला गणित काय करायचे, असा आईचा प्रश्न होता. बऱ्याच रडारडीनंतर शिकवणी मिळाली.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ मध्ये, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली, अशी तिची श्रद्धा झाली. ती सेवा कोणती, हे उमगायला काही वर्षे गेली. रुग्णसेवा हेच आपले कार्य, असे तिने घरी सांगितले तेव्हा घरात हलकल्लोळ माजला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये इस्पितळात काम करणाऱ्या बायकांची प्रतिष्ठा मोलकरणीपेक्षाही खालची होती. घरच्यांचा विरोध आणि चांगल्या स्थळाला दिलेला नकार यांत ऐन तारुण्याची वर्षे गेली. त्या काळात ती पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचत असे, त्यांतील टिपणे काढीत असे. १८५१ मध्ये जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या कैसरस्वर्थ येथील संस्थेत तिने काही महिने शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती.

स्कुटारीचा हिवाळा

मार्च १८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. काळ्या समुद्रातील क्रिमियाच्या द्वीपकल्पावर सैन्य उतरले. टाइम्सचे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांच्या वृत्तांतांतून जखमी सैनिकांच्या हालअपेष्टा लंडनच्या घराघरांत पोहोचल्या आणि लोकक्षोभ उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ती ३८ स्त्रियांचे पथक घेऊन निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोर, बॉस्फरसच्या पूर्व तीरावरील स्कुटारी येथे पोहोचली. दुसऱ्याच दिवशी क्रिमियात इंकरमनची घनघोर लढाई झाली आणि जखमींची जहाजे येऊ लागली.

तुर्की लष्कराच्या एका अवाढव्य बराकीचे इस्पितळ केलेले होते. खाली तुंबलेली गटारे, दालनांत उंदीर आणि उवा, अंथरुणे अपुरी, स्वच्छ पाणी दुर्मीळ. पथकाने स्वयंपाकघर उभे केले, कपडे धुण्याची सोय केली, सदरे, चादरी, भांडी मिळवली. इंग्लंडहून आलेला निधी फ्लॉरेन्सने स्वतः हिशेब ठेवून खर्च केला. रात्रीची तिची फेरी वृत्तपत्रांतील चित्रांमुळे दंतकथा बनली.

आणि तरीही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. स्कुटारीच्या इस्पितळांत तिच्या पहिल्याच हिवाळ्यात चार हजारांहून अधिक सैनिक दगावले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या दर शंभर रुग्णांमागे मृत्यूचे प्रमाण ४२.७ वर गेले. मरणाऱ्यांतील बहुसंख्य सैनिकांच्या अंगावर युद्धाची जखम नव्हतीच. पटकी, हगवण, टायफस आणि विषमज्वर यांनी ते मेले. उपासमार, थंडी आणि अतिश्रम यांनी खंगलेले सैनिक इस्पितळात उशिरा पोहोचतात म्हणून मरतात, असे तेव्हा तिलाही वाटत होते.

मार्च १८५५ मध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग स्कुटारीला आला. डॉ. जॉन सदरलंड, डॉ. हेक्टर गॅव्हिन आणि अभियंते रॉबर्ट रॉलिन्सन हे त्याचे सदस्य. त्यांनी गटारे उपसून धुऊन काढली, मेलेली जनावरे आणि उकिरडे हलवले, पाण्याचा मार्ग स्वच्छ केला, भिंतींना चुना लावला, दालनांत हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २.२ वर उतरले.

मधल्या काळात, मे १८५५ मध्ये, क्रिमियातील बालाक्लावाच्या छावणीत पाहणी करीत असताना फ्लॉरेन्स स्वतः तापाने कोसळली आणि मरणाच्या दारातून परतली. हा ताप म्हणजे ब्रुसेलोसिस असावा, असे आज बऱ्याच अभ्यासकांना वाटते. त्याने तिची पाठ आयुष्यभर सोडली नाही.

तीन वह्या, तीन आकडे

ऑगस्ट १८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली तेव्हा देशभर तिचा जयजयकार चालू होता. ती मात्र गुपचूप, एका सामान्य प्रवाशासारखी घरी आली. तिच्या डोक्यात एकच विषय होता. मेलेल्या माणसांचा हिशेब लागला पाहिजे.

हा हिशेब सोपा नव्हता. स्कुटारीत मृत्यूंच्या नोंदी एकाहून अधिक ठिकाणी होत. दफनाची नोंद एकीकडे, वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्रक दुसरीकडे, लष्करी कचेरीची वही तिसरीकडे. या तीन नोंदींचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. साम्राज्याचे सैन्य आपली किती माणसे मेली हेही खात्रीने सांगू शकत नव्हते. रोगांची नावे प्रत्येक डॉक्टर आपल्या पद्धतीने लिही. त्यामुळे एका इस्पितळाची दुसऱ्याशी तुलना करणे अशक्य होते.

या टप्प्यावर तिला विल्यम फार भेटले. गरीब घरात जन्मलेले हे डॉक्टर इंग्लंड आणि वेल्सच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात संख्याशास्त्राचे काम पाहत होते. कोणत्या वयाची, कोणत्या धंद्याची, कोणत्या वस्तीतली माणसे किती प्रमाणात मरतात, याचे तक्ते तयार करण्यात त्यांची हयात गेली. आपला अहवाल रुक्ष होईल, अशी भीती फ्लॉरेन्सने बोलून दाखवली तेव्हा त्यांनी, तो जितका रुक्ष तितका चांगला, असा सल्ला दिल्याचे प्रसिद्ध आहे. मे १८५७ मध्ये लष्कराच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला. अध्यक्ष सिडनी हर्बर्ट होते. स्त्री असल्याने फ्लॉरेन्सला आयोगावर बसता येत नव्हते, पण प्रश्नावल्या, साक्षीदारांची निवड आणि तक्ते यांमागे तिचाच हात होता.

आकडे जुळवताना एक कटू सत्य पुढे आले. सैनिकांची दैना आघाडीवर झाली हे खरेच, पण आघाडीजवळच्या रेजिमेंटांच्या साध्या इस्पितळांपेक्षाही स्कुटारीच्या मोठ्या इस्पितळातील मृत्यूचे प्रमाण अधिक होते. म्हणजे तिने ज्या दालनांतून दिवा घेऊन फेऱ्या मारल्या, त्याच दालनांची घाण, दाटी आणि कोंदट हवा माणसांचे प्राण घेत होती. हे तिला नेमके केव्हा उमगले आणि त्याचा तिच्या मनावर किती आघात झाला, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. एवढे मात्र निश्चित, की ते तिने दडवले नाही. १८५८ मध्ये छापलेल्या आठशेहून अधिक पानांच्या आपल्या गोपनीय अहवालात तिने स्कुटारीचे आकडे मांडले आणि पुढच्या वर्षी युद्धातील मृत्यूंविषयीची एक पुस्तिका निनावी प्रसिद्ध करून ते लोकांपुढेही ठेवले. ज्या इस्पितळामुळे तिला देवत्व मिळाले होते, त्याच इस्पितळाविरुद्ध ती साक्षीदार म्हणून उभी राहिली.

निळा, लाल आणि काळा

आकड्यांचे रकाने मंत्री वाचत नाहीत, राणी तर नाहीच नाही, हे फ्लॉरेन्सला पक्के ठाऊक होते. म्हणून तिने एक आकृती तयार केली. एका वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग. ज्या महिन्यात मृत्यू अधिक, त्या महिन्याची पाकळी मोठी. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांनी झालेले लाल रंगात आणि इतर कारणांचे काळ्या रंगात. संख्याशास्त्राचा गंध नसलेल्या माणसालाही पाहताक्षणी कळावे, की निळ्या रंगाने सारे चित्र गिळून टाकले आहे आणि लाल रंग मध्यभागी कोपऱ्यात दबला आहे.

त्यामागचे आकडे आजही थरकाप उडवतात. जानेवारी १८५५ मध्ये पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३ होती. त्या एका महिन्यात साथीच्या आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१ सैनिक मेले, जखमांनी ८३ आणि इतर कारणांनी ३२४. याच गतीने मृत्यू होत राहिले असते आणि नवी कुमक आली नसती, तर शत्रूने एकही गोळी न झाडता वर्षाच्या आत सारे सैन्य नाहीसे झाले असते. बरोबर एका वर्षाने, जानेवारी १८५६ मध्ये, सैन्य ४४ हजारांवर गेले होते. त्या महिन्यात त्याच रोगांनी मेलेले सैनिक होते ४२.

संपूर्ण युद्धात सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिक मरण पावले. त्यांतील सुमारे १६ हजार रोगांनी. रणांगणावर पडलेल्यांची स्मारके गावोगाव उभी राहत असताना ही बाई विचारत होती, की बाकीच्यांना कोणी मारले?

तिचा पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा होता. युद्ध संपले, सैनिक घरी आले. आता तरी ते सुरक्षित आहेत काय? फार यांच्या तक्त्यांच्या आधारे तिने मायदेशातील बराकींत राहणाऱ्या सैनिकांची तुलना त्याच वयाच्या नागरिकांशी केली. २० ते २५ वर्षे वयोगटात दर हजारी वर्षाला ८.४ नागरिक मरत, तर सैनिक १७. २५ ते ३० या वयोगटात नागरिक ९.२, सैनिक १८.३. वास्तविक सैनिक म्हणजे वैद्यकीय तपासणीतून पारखून घेतलेले, सशक्त तरुण. पोटभर अन्न आणि डोक्यावर छप्पर असलेले. नागरिकांच्या आकड्यांत मात्र रोगट, दुबळी, उपाशी माणसेही मोजलेली. तरीही बराकीतला तरुण दुप्पट वेगाने मरत होता. कारण त्याला दाटीवाटीने कोंडलेले होते आणि त्याच्या उशापायथ्याशी सांडपाणी साचलेले होते. दरवर्षी अकराशे धडधाकट तरुण मोकळ्या मैदानावर नेऊन गोळ्या घालण्याइतकाच हा अपराध आहे, असे तिने लिहिले. ही तुलना मंत्रिमंडळाला झोंबली. बराकींची आणि लष्करी इस्पितळांची सुधारणा सुरू झाली, लष्करी वैद्यकीय शिक्षणाची शाळा निघाली, लष्करात आरोग्याच्या आकडेवारीची स्वतंत्र व्यवस्था झाली. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्यत्व दिले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

बरे झालेले, मेलेले आणि उरलेले

सैन्यावरून तिची दृष्टी नागरी इस्पितळांकडे वळली. लंडनचे प्रत्येक इस्पितळ आपापल्या सोयीने नोंदी ठेवी. मरणोन्मुख रुग्णाला घरी पाठवून दिले, की इस्पितळाचा मृत्यूंचा आकडा आपोआप घटे. फ्लॉरेन्सने सर्व इस्पितळांसाठी एकसारखे नमुनापत्रक तयार केले. वर्षारंभी किती रुग्ण होते, किती नवे आले, किती बरे झाले किंवा त्यांना आराम पडला, किती असाध्य म्हणून बाहेर पाठवले गेले, किती मेले, वर्षाअखेर किती उरले आणि एकेका रुग्णाला सरासरी किती दिवस राहावे लागले, असे त्यातील रकाने. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे ही योजना मांडली गेली.

यातील असाध्य रुग्णांचा रकाना महत्त्वाचा आहे. मेलेल्याची निदान दफनाच्या वहीत नोंद होते. जो मेला नाही आणि बराही झाला नाही, जो अपंग होऊन, दीर्घ आजार घेऊन घरी परतला, तो कोणाच्याच हिशेबात नसतो. १८६१ च्या इंग्लंडच्या खानेसुमारीत प्रत्येक घरातील आजारी आणि दुर्बल माणसांची तसेच घरांच्या स्थितीची नोंद घ्यावी, म्हणजे रोग आणि निवारा यांचा संबंध स्पष्ट होईल, असा आग्रह तिने धरला. सरकारने तो फेटाळला.

त्या वेळी ती स्वतःच अशा न मोजलेल्या माणसांपैकी एक झाली होती. १८५७ च्या उन्हाळ्यापासून तिची प्रकृती ढासळली. छातीत धडधड, अंगात ताप, पाठीच्या कण्यात असह्य कळा. पुढची कित्येक वर्षे तिला पलंगावरून उठणे कठीण जाई. भेटायला येणाऱ्यांना एका वेळी एकालाच प्रवेश मिळे, तोही ठरावीक वेळी. तिच्या आजाराविषयी त्या काळी आणि नंतरही बरेच तर्ककुतर्क झाले, ढोंगाचा आरोपही झाला. पण त्याच पलंगावरून तिने हजारो पत्रे लिहिली, अहवाल रचले, मंत्र्यांना कामाला लावले. या कामाचा भार सहकाऱ्यांवरही पडला. मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत चाललेल्या सिडनी हर्बर्ट यांना तिने विश्रांती घेऊ दिली नाही. ऑगस्ट १८६१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ती कोसळली. तिच्या स्वभावात करुणेइतकाच निष्ठुरपणाही होता, ही गोष्ट तिचे चाहते सहसा सांगत नाहीत.

जनतेने गोळा केलेल्या ४४ हजार पौंडांहून अधिक निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष १८६२ च्या सुमारास उघडण्यात आला. हेतू उदात्त होता. पण कक्षात सूतिकाज्वराने बायका मरू लागल्या. ७८० प्रसूतींमागे २६ मृत्यू, म्हणजे हजारी ३३. इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे हे प्रमाण हजारी पाचच्या आसपास होते. १८६७ मध्ये कक्ष बंद करण्यात आला. एवढ्यावर न थांबता फ्लॉरेन्सने अनेक ठिकाणच्या प्रसूतिगृहांचे आकडे मिळवले आणि १८७१ मध्ये प्रसूतिगृहांवरील पुस्तक काढले. निष्कर्ष असा, की गरिबाच्या झोपडीत बाळंत होणारी बाई मोठ्या इस्पितळात बाळंत होणारीपेक्षा सुरक्षित आहे. या पुस्तकातही तिने आपल्या नावाच्या निधीतून चाललेल्या कक्षाला सूट दिली नाही. स्कुटारीचा धडा ती विसरली नव्हती.

हिंदुस्थानचा हिशेब

१८५७ च्या उठावाच्या वेळी तिने हिंदुस्थानात येण्याची तयारी दाखवली होती. ते जमले नाही आणि पुढे प्रकृतीमुळे या देशात पाऊल टाकणे तिला कधीच शक्य झाले नाही. पण १८५९ मध्ये हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाच्या निमित्ताने तिने येथील प्रत्येक छावणीला प्रश्नावली पाठवली. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, एका बराकीत किती माणसे झोपतात, दारू किती मिळते? उत्तरांची गाठोडी तिच्या घरी येऊन पडली. १८६३ मध्ये दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल निघाला. त्यानुसार हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांचे वार्षिक मृत्युप्रमाण हजारी ६९ होते. त्याच वयाचे मायदेशातील नागरिक हजारी नऊच्या आसपास मरत. याचा दोष हवामानाला देण्याची रीत होती. तिने तो घाण पाणी, नसलेली गटारे, दाटी आणि दारू यांवर ठेवला. पुढील वर्षी मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. १८७३ मध्ये तिने मांडलेल्या निबंधात हे प्रमाण ६९ वरून १८ वर आल्याची नोंद आहे.

सुरुवातीला तिची चिंता गोऱ्या सैनिकापुरतीच होती, हे मान्य करायला हवे. पण आकड्यांनीच तिला पुढे नेले. छावणीचे पाणी शेजारच्या गावातून येते आणि छावणीचा रोग शेजारच्या बाजारातून. गाव निरोगी नसेल तर छावणी निरोगी राहणार नाही. आणि गावात किती माणसे मरतात, याचा हिशेब तर कोणी ठेवतच नव्हते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन, मद्रास आणि म्हैसूर मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८७८ मध्ये लिहिलेल्या प्रदीर्घ लेखात फ्लॉरेन्सने दुष्काळबळी, सावकारी पाश आणि पाटबंधाऱ्यांकडे झालेले दुर्लक्ष यांवर कडाडून टीका केली. लंडनच्या अधिकाऱ्यांना ती आवडली नाही.

याच दुष्काळात पुण्याची सार्वजनिक सभा दख्खनच्या जिल्ह्यांतून प्रत्यक्ष माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. सत्य परिस्थिती मोजून दाखवावी आणि मग न्याय मागावा, ही रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची रीत फ्लॉरेन्सच्या रीतीशी मिळतीजुळती होती. पुढे या दोन टोकांची गाठ पडली. १८८९ मध्ये मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, तेव्हा त्याची अंमलबजावणी लोकांच्या सहभागाने कशी व्हावी, याविषयी तिचा सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार झाला. ग्रामस्थांना धाक दाखवून स्वच्छता येणार नाही, त्यांना समजावणारी त्यांच्यातलीच माणसे हवीत, हा तिचा आग्रह होता. गावाकडून वसूल होणारा कर आधी गावाच्या स्वच्छतेवर खर्च करावा, असे तिने १८९२ मध्ये भारतमंत्र्यांना कळवले. तोवर तिने सत्तरी ओलांडली होती.

तिच्या चुकाही होत्या. रोग दूषित हवेतून उद्भवतात, या जुन्या मताला ती दीर्घकाळ चिकटून राहिली आणि जंतूंचा सिद्धान्त तिने उशिरा स्वीकारला. पण कारणाची उपपत्ती अपुरी असूनही उपाय लागू पडले, कारण ते मोजून पारखलेले होते. गटार साफ केले आणि मृत्यू घटले, ही गोष्ट कोणत्याही सिद्धान्ताची वाट पाहत थांबली नाही.

अखेरच्या वर्षांत तिची दृष्टी गेली. आयुष्यभर तक्त्यांत बुडालेल्या डोळ्यांपुढे अंधार पसरला. १९०७ मध्ये तिला ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळवणारीही ती पहिलीच स्त्री. तेव्हा सभोवती काय चालले आहे, हे तिला पुरते कळत नव्हते. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन करण्याचा प्रस्ताव आला होता. तिच्या इच्छेला मान देऊन नातलगांनी तो नाकारला आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या लहान गावातील चर्चच्या आवारात तिला आईवडिलांजवळ चिरनिद्रा देण्यात आली.

२०२० मध्ये तिच्या जन्माला दोनशे वर्षे झाली आणि त्याच वर्षी कोरोनाच्या साथीने जग हादरले. इंग्लंडमध्ये उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयांना तिचे नाव देण्यात आले. देशोदेशी रोज सायंकाळी मृतांचे आकडे जाहीर होत, ते खरे किती आणि दडवलेले किती यावर वाद होत. ज्या समाजाला आपले मृत्यू प्रामाणिकपणे मोजता येत नाहीत, त्याला ते टाळताही येत नाहीत, हे तिने एकशे साठ वर्षांपूर्वी स्वतःच्या इस्पितळाचे उदाहरण देऊन दाखवले होते.

ईस्ट वेलोच्या त्या थडग्यावर तिचे पूर्ण नावही नाही. नावाची दोन आद्याक्षरे, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख एवढेच तिच्या वाट्याच्या दगडावर कोरलेले आहे.